परातीतलं लाल पाणी

माझा उजवा पाय ठणठणीत आहे. कुणी विचारलं तर मी हेच सांगते. हिंगोलीत एका खाजगी दवाखान्याच्या गेटवर मी निळी वर्दी घालून दिवसभर उभी असते. गाडी इथं न्हाई, तिकडं लावा. पेशंट उतरवा आणि बाजूला घ्या. ओ काका, तुमालाच म्हणून राहिले. एवढी उभी राहते, पण पाय कुरकुर म्हणून करत न्हाई. लोकांना वाटतं, बरंच आहे की. मला मात्र त्या पायाचा राग येतो, आणि तो वाचवणाऱ्या बाईचा त्याहून जास्त येतो.

आमचं गाव गोरेगावच्या पुढं. बारावी झाली तसं मी बाबांना सांगून टाकलं, मला मिलिटरीत जायचंय. मिलिटरी पोलिसात पोरी घेतात हे मी मोबाइलवर बघितलं होतं. बाबा आधी हसले, मग चिडले, आणि आईनं त्यांच्याशी बोलणं टाकलं तेव्हा कुठं कबूल झाले. पण अट घातलीच. भरतीला वय बसतंय तोवर कर, वय गेलं की गुमान बोहल्यावर उभं राहायचं. मी म्हणलं, व्हय. तेव्हा ते लई लांबचं वाटलं होतं. पहिल्या खेपेला लेखीतच गेले. दुसऱ्या खेपेला लेखी निघाली आणि फक्त मैदान राहिलं. मैदान मारलं तर फौजेची वर्दी. न्हाई मारलं तर पुढच्या भरतीला माझं वय बसत नव्हतं, आणि बाबा अट विसरणाऱ्यातले नव्हते.

त्यासाठी मी वसमतजवळच्या अकॅडमीत राहत होते. अकॅडमी म्हणजे काय, हळदीच्या शेतात पत्र्याची दोन शेडं. एक पोरांचं, एक पोरींचं, मधी पाण्याची टाकी, आणि रस्त्यावर मोठं फ्लेक्स. भरती झालेल्या पोरांचे टोपीतले फोटो त्यावर, आणि सगळ्यांच्या वर सरांचा, सगळ्यात मोठा. सकाळी कॅनॉलच्या कडेनं पळायचं, दुपारी पुस्तकं, संध्याकाळी परत पळायचं.

सर फौजेतून आलेले. वाईट होते का? होतेच. उगाच कशाला गोड बोलू. शेवटी येणाऱ्या पोराच्या कमरेला जुनं टायर बांधायचे आणि त्याला तसंच फरफटत रस्त्यापर्यंत पाठवायचे, येणाऱ्या-जाणाऱ्या जीपवाल्यांनी बघावं म्हणून. पोरींना टायर नव्हतं. पोरींना सरांचं तोंड होतं. "काय गं, वरातीत चाललीस का? बापाला फोन लावू का तुझ्या, मांडव टाक म्हणून?" हे ते मला रोज म्हणायचे, कारण हेच मला लागतं हे त्यांना बराबर माहीत होतं.

सगळ्यात वाईट त्यांचा नियम होता. आदल्या भरतीत आमच्यातलंच एक पोरगं मैदानावर पळता पळता कोसळलं. नडगीचं हाड मोडलं. पोरगं गुरासारखं ओरडून राहिलं, आणि अंगात अकॅडमीचा टी-शर्ट. कुणीतरी व्हिडिओ काढला आणि तो तालुकाभर फिरला. सरांना पोराची तकलीफ झाली न्हाई, टी-शर्टाची झाली. तेव्हापासून नियम असा, की नडगी दुखते म्हणणाऱ्यानं त्याच दिवशी पिशवी उचलायची. मग कुणाची दुखणार? आमच्या अकॅडमीत कुणाचं कधीच काही दुखत नव्हतं.

अशा ठिकाणी रविवारी सिस्टर यायच्या.

त्या वसमतकडच्याच, ख्रिस्ती घरातल्या. लहानपणी मिशनच्या बोर्डिंगात गेल्या, तिथून नर्सिंगला, आणि मग सगळी नोकरी फौजेच्या दवाखान्यांत. मेजर होऊन निवृत्त झाल्या आणि परत इकडं येऊन राहिल्या. पांढरे केस बारीक कापलेले, साडीखाली कॅनव्हासचे बूट, खांद्याला झोळी. झोळीत कापूस, पट्टी, जांभळं औषध. 'मेजर' हा शब्द फ्लेक्सवर चांगला दिसतो म्हणून सरांनी त्यांना बोलावलं होतं. त्या मात्र आमच्यासाठी यायच्या.

कडुलिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायच्या आणि आधी प्रार्थना करायच्या. म्हणायच्या, "ज्याला डोळे मिटायचे त्यानं मिटा, ज्याला न्हाई त्यानं झाडाकडं बघा. प्रभूला दोन्ही चालतं." मग येशूचं काहीतरी सांगायच्या, पण ते चर्चमधल्यासारखं नसायचं. तो किती चालायचा, पायात काय असेल त्याच्या, उन्हात काय खाल्लं असेल. मधीच आमच्यावर यायच्या. "रडू आलं तर पळताना रडा. घाम समजून कुणी विचारत न्हाई." आणि सरांकडं बघतच म्हणायच्या, "कुणी म्हैस म्हणलं म्हणून पोरगी म्हैस होत न्हाई. देव तिला तिच्या नावानं ओळखतो." सर तिकडं मोबाइल चाळत बसायचे.

एकदा गावातले दोघंतिघं आले. "बाई, आमची पोरं बाटवता की काय?" सिस्टरांनी त्यांना पण खाली बसवलं. "धर्म जिथं आहे तिथं राहू द्या हो. मोजे तेवढे रोज बदलायला सांगा पोरांना. नुसता वास सुटलाय." ते लोक हसत हसत चहा पिऊन गेले.

मला त्या आवडायच्या. खोटं काहून बोलू? माझ्या घरी मला कुणी डोक्यावर हात ठेवून काही म्हणलेलं मला आठवत न्हाई. सिस्टर ठेवायच्या. मी प्रार्थनेला डोळे मिटायचे. आमच्या घरी कळलं असतं तर आईनं गोमूत्र शिंपडलं असतं, पण मिटायचे. एक गोष्ट त्या सारखी सांगायच्या, की दुखतं ते सांगत जा. लपवलेलं दुखणं आतून सडतं. ते ऐकून आमी मान हलवायचो. सांगायला काय जातं त्यांचं, त्या संध्याकाळी घरी जातात, आमाला इथं सरांबरोबर राहायचंय.

माझी नडगी मैदानाच्या तोंडावरच दुखायला लागली. आधी पळून झाल्यावर, मग पळताना, मग नुसतं चालताना. बोट ठेवलं की एका जागी अशी कळ यायची, की डोळ्यांपुढं अंधारी. ते दिवस हळदीचे. सरांच्या शेतातली हळद शिजवून वाळायला टाकलेली, आणि ती खालीवर करायला आमी फुकटातले गडी. व्यायाम होतो म्हणे. वाळत्या हळदीत दिवसभर फिरून सगळ्यांचे पाय घोट्यापर्यंत पिवळे झालेले.

माझ्या शेजारी झोपणारी पोरगी वसमतच्या मणियाराची, घरचं बांगड्यांचं दुकान. तिनंच ओळखलं. मी कड बदलताना दात खाते हे तिला ऐकू गेलं होतं. तिनं कुठूनतरी चुना आणला, हळद आणि चुना कालवला, गरम केला आणि माझ्या नडगीवर थापला. तिची दादी मुक्या माराला हेच लावायची म्हणे. "किसीको नै बोलती मैं," म्हणाली, आणि खरंच बोलली न्हाई. हळदीत चुना पडला की ती लाल होते, हे आमच्याकडं शेंबड्या पोराला माहीत असतं. तो लाल लेप मी मोज्याखाली आणि ट्रॅकपँटखाली दडवला. त्यानं दुखणं कमी झालं का? न्हाई. पण काहीतरी लावलंय म्हणून धीर यायचा.

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी सिस्टर अवचित आल्या. रविवार नसताना. बरोबर पितळी परात, टॉवेल आणि तांब्या. म्हणाल्या, आज येशूनं आपल्या माणसांचे पाय धुतले होते. मालकानं गड्यांचे धुवावेत तसे. तुमी आता भरतीला चाललात, तर मी तुमचे धुणार. पोरं लाजली. एक मोठ्या घरातलं पोरगं म्हणालं, "सिस्टर, तुमी मेजर, आमाला पाप लागंल." सिस्टर म्हणाल्या, "पाप माझ्या नावावर टाक आणि बूट काढ."

आणि मग त्यांनी सरांना हाक मारली. "सर, तांब्या तुमी धरायचा. पाणी तुमी ओतायचं." मला अजून त्यांचा चेहरा आठवतो. खुशीत होत्या. वर्षभर पोरांना शिव्या देणाऱ्या माणसाला त्यांच्या पायाशी वाकवायचं, असा त्यांचा बेत होता. सगळ्यांपुढं सरांना न्हाई म्हणता येईना. वाकले बिचारे.

एकेकाचे पाय परातीत यायला लागले. पाणी पिवळं व्हायचं, ते झाडाच्या बुडाशी फेकायचं, नवं घ्यायचं. सिस्टर घोट्याच्या वरपर्यंत चोळायच्या आणि प्रत्येकाचं नाव घेऊन काहीतरी पुटपुटायच्या. काही पोरं रडली. टायरवालं पोरगं तर हुंदके देऊन रडलं. मी शेवटी बसले होते. टाकीतलं पाणी संपू दे, म्हणून मी त्यांच्याच येशूला सांगून राहिले होते.

पाणी संपलं न्हाई.

"बाळ, ये," म्हणाल्या. मी फक्त पाऊल पुढं केलं. त्यांनी सगळ्यांची केली तशी माझी पँट वर सारली, मी हात धरायच्या आधी. सरांनी पाणी ओतलं. आणि परातीत लाल ओघळ उतरला. तोवर सगळ्यांचं पिवळं होतं, माझं कुंकवासारखं लाल. सिस्टरांनी झटकन टॉवेल टाकला नडगीवर. पण टॉवेल पायावर टाकता येतो, परातीवर न्हाई. सर वाकलेलेच होते, नाकासमोर परात.

"चुना," सर म्हणाले. "कुठं दुखतंय गं?"

"कुठं न्हाई सर. मुंगळा चावला होता."

"उठ. त्या पायावर उड्या मार."

मी उठले. सगळी पोरं बघून राहिलेली. मी त्या एका पायावर उड्या मारल्या. प्रत्येक उडीला खालून कुणी सळई खुपसावी तसं व्हायचं, जीभ दाताखाली धरली होती, तोंडात रक्ताची चव आली. पण तोंडावर काही दिसू दिलं न्हाई. आयुष्यात मी एवढं चांगलं काही केलेलं न्हाई. सर बघत राहिले. त्यांची मान हलली. "बराबर मारते की पोरगी," म्हणाले. मग सिस्टरांकडं वळले. "तुमी दवाखान्यातल्या. हात लावून बघा आणि सांगा. तुमी म्हणाल तसं. तुमी खोटं बोलत न्हाई म्हणता ना?"

सिस्टरांनी अंगठ्यानं नडगी चाचपली. बरोबर त्या जागी आल्या आणि थांबल्या. मी त्यांच्याकडं बघितलं. सगळं डोळ्यांत आणून बघितलं. त्यांना माझी अट माहीत होती, बाबा माहीत होते, वय माहीत होतं. मीच सांगितलं होतं, त्या झाडाखाली. एक शब्द पुरे होता. 'मुका मार आहे.' बस. एवढं म्हणायचं होतं त्यांना.

त्यांनी अंगठा तिथंच ठेवला. ओठ हलत होते, प्रार्थना करत असतील. मग सरांना म्हणाल्या, "हाडाला चीर आहे. पळाली तर मोडेल."

मला वाटलं, माझ्या कानफटात मारली. मी ओरडले. काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं न्हाई. "तुमची पेन्शन चालू, तुमचं आयुष्य झालं, तुमाला काय जातंय! तुमच्या देवाला पाय धुवायला सापडतात, पळायला वाट सोडता येत न्हाई का?" हे नक्की म्हणलं. परात लाथेनं उडवली. लाल पाणी त्यांच्या पांढऱ्या साडीवर गेलं. सरांनी तेवढ्यात बाबांना फोन लावला होता. "पोरीचं हाड चिरलंय, मेजर मॅडमनी स्वतः सांगितलंय. पळाली तर लंगडी होईल. मग तुमी बघा." लंगडी. बापाला हा एक शब्द सांगितला की पुढचं काही सांगावं लागत न्हाई.

सिस्टर मला सोडायला वसमतच्या बसस्टँडवर आल्या. मी नको म्हणत असताना आल्या. साडी तशीच, लाल डागाची. लोक बघत होते. बाकड्यावर बसून म्हणाल्या, देवाकडं तुझ्यासाठी दुसरं काही असेल. मी म्हणलं, "दुसरं काय, चूल? ती तर त्याला न विचारता पण मिळाली असती." त्यांनी समजवलं, की मी फौजेच्या दवाखान्यात पोरं बघितलीत पाय गेलेली, मला तुझा तसा बघवला नसता. मी म्हणलं, "मग डोळे मिटायचे. तुमाला चांगले मिटता येतात." आता आठवलं तरी मला त्याचं वाईट वाटत न्हाई. हिंगोलीची बस लागली. मी लंगडत चढले, त्यांनी पिशवी वर दिली. "पाय राहिला तर मला शिव्या द्यायला तरी चालत येशील," म्हणाल्या. मी खिडकी बंद केली.

भरतीच्या दिवशी बाबा दारात बाज टाकून बसले. त्यांना माहीत होतं, मी पळून जाईन. मला पण माहीत होतं. दिवसभर आमी दोघं एकमेकांकडं बघत बसलो, ते बाजेवर आणि मी चुलीपुढं. आईनं भाकरी वाढली, ती दोघांनीही खाल्ली न्हाई. ऊन उतरलं तसे बाबा उठले, बाज आत घेतली, आणि मग दार उघडं असून मी कुठं जाणार होते?

मणियाराची पोरगी निवडली गेली. फ्लेक्सवर तिचा फोटो लागला, टोपीतला. तिनं मला फोन केला, दोघी रडलो, ती खुशीनं. पाय तोवर प्लास्टरमधी होता, तो काही महिन्यांनी बरा झाला. अगदी पहिल्यासारखा. डॉक्टर म्हणाले, वेळेत कळलं म्हणून. बघायला पाहुणे यायला लागले. मी एकाला तोंडावर न्हाई म्हणलं, दुसऱ्याला पण न्हाईच म्हणलं, आणि भांडून हिंगोलीत येऊन ही गेटवरची नोकरी धरली. बाबा अजून अट सोडत न्हाईत. वर्दी मिळाली म्हणा की मला. शिट्टी पण आहे.

पुढच्या साली त्याच गुरुवारी मी सुट्टी काढून वसमतला गेले. शिव्या द्यायलाच गेले होते. वर्षभर जमवलेल्या होत्या, बसमधी मनात घोकत गेले.

अकॅडमीत कडुलिंबाखाली सिस्टर खाली बसलेल्या. पुढं तीच परात, बाजूला टॉवेल. या खेपेला तांब्या त्यांच्याच हातात होता, सर लांब शेडपाशी उभे होते. समोर नवी पोरं-पोरी ओळीनं बसलेली, आणि एकाच्याही पायातला बूट निघालेला नव्हता. मोजे गुडघ्यापर्यंत ओढलेले. "ये लेकरा," सिस्टर एकाला म्हणाल्या. "राहू द्या सिस्टर, पाय लई घाण हायत." दुसऱ्याला म्हणाल्या. "सर्दी झालीय सिस्टर." एक पोरगी तर पाय पोटाशी घेऊनच बसली होती, डोळे सरांकडं. माझी गोष्ट त्यांना कुणीतरी सांगितली असणार. परातीतलं पाणी तसंच स्वच्छ, त्यात एक कडुलिंबाचं पान पडलेलं.

सिस्टरांनी मला बघितलं. म्हाताऱ्या झाल्या होत्या वर्षात.

मी पुढं गेले, खाली बसले, बूट काढला, मोजा काढला आणि पाय परातीत टाकला. त्यांनी पाणी ओतलं. घोट्याच्या वरपर्यंत चोळलं. मग अंगठा नडगीवरून फिरवत त्याच जागी आणून दाबला.

"दुखतं का, बाळ?"

"न्हाई."

"प्रभूचे उपकार," त्या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. त्या उपकारांवर माझं टाळकंच सटकलं. घोकलेल्या सगळ्या शिव्या विसरले, एकच तोंडातून निघालं.

"मोडला असता ना सिस्टर, तरी पळता पळता मोडला असता."

पोरं सगळी ऐकून राहिली होती. सिस्टरांचा हात माझ्या नडगीवर तसाच थांबला. मला वाटलं, आता देवाचं काहीतरी सांगतील. त्यांनी टॉवेल घेऊन पाय पुसला, बोटांच्या मधला पण पुसला आणि खाली ठेवला.

"दुसरा पुढं कर," म्हणाल्या.